व्हाळातले मासे कुणाच्या हिशेबात?

मैत्रिणींनो, सिंधुदुर्गातल्या एका खाणीच्या जनसुनावणीला मी गेले होते. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बाया. त्यातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “साहेबानू, आमच्या व्हाळातल्या माशांचा काय?” मंडप हसला. साहेबांनी जाडजूड अहवाल चाळून सांगितले, “आजी, त्या ओढ्यात महत्त्वाचे मासे आढळलेले नाहीत.”

महत्त्वाचे कुणाला?

मिरगाचा पाऊस लागला, व्हाळाला पहिले पाणी आले, की मळये, शिंगट्या अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, थेट भाताच्या कुणग्यांत शिरतात. हे चढणीचे मासे. नेमक्या त्याच दिवसांत समुद्रातली मासेमारी बंद असते, घरातला पैसा पेरणीत गेलेला असतो. वाडीतल्या दोघी जुनी साडी पाण्यात आडवी धरतात आणि संध्याकाळी पेजेबरोबर तिरफळ घातलेले कालवण होते. बारका मासा काट्यासकट खाल्ला जातो. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पोटात चुन्याचा अंश जातो तो असा. या मासळीला पावती नाही, परवाना नाही, सातबारा तर नाहीच. बाईच्या घरकामासारखीच तीही कुठल्याच हिशेबात येत नाही.

आता अहवालात मासे का नव्हते ते ऐका. खाणीच्या पर्यावरण अहवालासाठी केंद्राच्या मंत्रालयाच्या ज्या ठरावीक अटी आहेत, त्यांनुसार एका ऋतूची पाहणी पुरते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून! जे मासे जून-जुलैत चढतात ते आटलेल्या व्हाळात शोधायचे आणि ‘आढळले नाहीत’ म्हणून लिहून मोकळे व्हायचे. वर अहवाल लिहिणाऱ्या कन्सल्टंटची फी खाणवालाच देतो. नवरा मारतो का, हे नवऱ्यालाच विचारून पंचनामा लिहिण्यातलाच हा प्रकार.

खाण म्हणजे नुसता खड्डा नव्हे. गोव्यात एक टन लोहखनिजामागे दोन-तीन टन माती-दगड उपसून ढीग घातले गेले. पावसात त्या ढिगांची तांबडी माती पाण्यात येते. ती गोट्यांमधल्या फटी बुजवते, तिथली अंडी गुदमरतात. कल्ल्यांत गाळ बसतो. तळाशी उजेड पोचत नाही, मग शेवाळ जाते, शेवाळावरचे किडे जातात, किड्यांवर जगणारा मासा जातो. मेलेले मासे तरंगताना कुणाला दिसतीलच असे नाही. पुढच्या मिरगाला चढण येत नाही, एवढेच. आणि न आलेल्या माशाचा पंचनामा कोण करणार?

दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने २००९ साली खाणीविरुद्ध लढा दिला. तरी खाण झाली. जुलै २०२१ मध्ये खाणीत साठलेल्या पाण्याचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा घरांत, बागायतीत घुसला. कळण्याची नदी तिलारीला मिळते आणि पुढे गोव्यात शापोरा होते. म्हणजे गाळाला राज्याची हद्द नाही. त्याच गोव्यात ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पण २०२२ मध्ये पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि खाणी परत चालू झाल्या.

आम्हाला विकासविरोधी म्हणतात. ट्रकवर नोकरी लागलेला मुलगा आमच्याच घरातला असतो, त्याच्या पगाराला आम्ही नाके मुरडत नाही. पण धुणे, गुरे, भाजीचा मळा ज्या पाण्यावर चालतो ते लाल झाले, की दूरच्या विहिरीवर त्याची आईच जाते, तो नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही धुतल्या तांदळासारख्या नाही. चढणीला अंड्यांनी भरलेल्या माद्या ओरबाडून धरायच्या, कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकायची, हे आपल्याच गावांत चालते. ते थांबवायलाच हवे. मात्र त्याकडे बोट दाखवून डोंगर पोखरायची मुभा मागू नका.

आमची मागणी साधी आहे. पाहणी जून-जुलैत करा, व्हाळात उतरून करा, आणि मासे कुठे चढतात हे ज्या बायांना ठाऊक आहे त्यांना बरोबर घ्या. तोवर कुठल्याही ओढ्याच्या वरच्या अंगाला नवी खाण नको.

त्या म्हातारीने नातीकडून एक वही घालून घेतली आहे. कुठल्या तारखेला, कुठल्या कोंडीत, कुठला मासा, किती, असे रकाने पाडलेत. पुढच्या सुनावणीला ती वही आम्ही साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहोत, आणि पोच घेतल्याशिवाय मंडपातून उठणार नाही.