खिडकीखालचा समुद्र

कॅरिबियन म्हटलं की आपल्याला आठवतं क्रिकेट, नाहीतर जॅक स्पॅरो! मागच्या सुट्टीत अमेरिकेतल्या मामाने आम्हाला मेक्सिकोतल्या कॅन्कूनला नेलं. समुद्र कॅरिबियनच, पण क्रिकेटचं नाव काढायची सोय नाही. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

हातात रिसॉर्टचा पट्टा बांधला की खाणं, कयाक, बीच व्हॉलीबॉल सगळं फुकट. तीन दिवस नुसती धमाल! चौथ्या दिवशी बॉल आणायला धावले आणि धपकन खाली पडले. किनाऱ्यावर वाळूची कमरेएवढी पायरी झाली होती. लाटांनी वाळू कापून नेली होती.

मी पडले सिव्हिलची. शोधाशोध केली. कॅन्कून हे ठरवून बांधलेलं गाव. सरकारने जागा निवडली, १९७० मध्ये काम सुरू झालं. समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या, इंग्रजी सातच्या आकड्यासारख्या चिंचोळ्या पट्टीवर हॉटेलांची रांग उभी राहिली, तीही थेट वाळूच्या टेकड्यांवर. खरं तर या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची बँक. वादळात त्या वाळू देतात, नंतर लाटा आणि वारा ती हळूहळू परत भरतात. बँकेवरच काँक्रीट ओतलं तर खातं चालणार कसं? ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा वादळाने बीच धुऊन नेला. २००६ मध्ये समुद्रतळाची वाळू उपसून भरली, तीही वाहून गेली. २००९-१० मध्ये पुन्हा तेच!

मामाला सांगितलं तर म्हणाला, "अगं, मजा करायला आलोय, सर्व्हे करायला नाही. आणि या हॉटेलांवर किती घरं चालतात ते बघ." ते खरंच आहे. लाखो लोकांचं शहर त्यावर जगतंय, त्यामुळे 'जाऊच नका' असं मी म्हणणार नाही. पण त्याच घरांसाठी तरी बीच टिकायला नको का? हॉटेल टेकडीच्या मागे बांधलं तर पाहुण्याला फार तर पाच मिनिटं चालावं लागेल. एवढंच!

दोष फक्त बिल्डरला देऊन चालणार नाही. खिडकीखाली समुद्र आपल्यालाच हवा असतो. बुकिंग करताना "सी-फेसिंगच रूम घे" असा हट्ट मामाकडे कुणी धरला होता माहितीये? मीच.

उद्या असे प्लॅन काढायला आपणच बसणार आहोत. तेव्हा निदान टेकडी तरी सोडूया.