दिव्याखाली अंधार



पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या गप्पा छतावरची सौर पॅनेल आणि विजेवरच्या गाड्या यांपाशी येऊन थांबतात. आज जरा रुक्ष विषय घेतो: गोदामातले दिवे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो काउंटीत मैलोन्‌मैल गोदामं पसरली आहेत. बंदरात उतरलेला कितीतरी माल इथूनच आपल्या दारात येतो.

जुन्या गोदामांत छताला ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे असतात. चोक धरून असा एक दिवा साधारण ४६० वॅट खातो. त्याच्या जागी सुमारे १५० वॅटचा एलईडी पुरतो. समजा, २०० दिवे वर्षाला ६,००० तास चालतात. बचत झाली ३ लाख ७२ हजार युनिटची. युनिटला २० सेंट धरले तर ७४,४०० डॉलर! शिवाय मेटल हॅलाइड एकदा विझवला की पुन्हा पूर्ण उजळायला १०-१५ मिनिटं घेतो. म्हणून तो कुणी बंदच करत नाही. एलईडी क्षणात लागतो, त्यामुळे रिकाम्या रांगांतले दिवे सेन्सर लावून खुशाल मालवता येतात.

मग हे सगळीकडे झालं का नाही? अडचण विज्ञानाची नाही, भाडेकराराची आहे. बहुतेक ठिकाणी दिवे मालकाचे, वीजबिल भाडेकरूचं. मालकाने पैसे घातले तर फायदा दुसऱ्याचा. भाडेकरूने घातले तर वसुलीआधीच करार संपायची भीती. खर्च मालकाने करावा आणि बचतीतला ठरलेला हिस्सा भाड्यासोबत घ्यावा, असं करारातच लिहिलं तर ही कोंडी सुटते.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिसरा पक्ष, जो या करारात कुठेच नसतो: दिव्याखाली राबणारा कामगार. दिव्याने खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. वरच्या उदाहरणात ६२ किलोवॅट वाचतात, म्हणजे दीड किलोवॅटचे ४० हीटर बंद केल्यासारखं. त्या भागात उन्हाळ्यात पारा १०० अंश फॅरनहाइटच्या वर जातो. बंदिस्त कामाच्या जागी तापमान ८२ अंशांवर गेलं की पिण्याचं पाणी आणि बसायला गार जागा द्यायलाच हवी, असा नियम कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून लागू केला. नुसते दिवे बदलून गोदाम गार होणार नाही, हे खरं. म्हणूनच वाचलेल्या पैशातला काही भाग पंख्यांवर आणि वायुवीजनावर खर्च व्हायला हवा.

आणखी दोन गोष्टी. स्वस्तातले एलईडी डोळ्यांवर येतात. उंच फळीवरचा माल काढताना फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सतत वर पाहावं लागतं. तेव्हा निवड करण्याआधी त्याला विचारा. आणि सेन्सर दिव्यांसाठीच राहू द्या. कोण किती वेळ कुठे थांबला याची नोंद ठेवायला तो वापरू नका.

आपल्यातले अनेकजण पुरवठा साखळीत, वित्त विभागात, आयटीत जबाबदारीच्या जागांवर आहेत. असे प्रस्ताव आपल्याच टेबलांवरून जातात. खर्च किती वर्षांत वसूल होईल, हे आपण विचारतोच. त्यातलं कामगाराच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारायला काय हरकत आहे?