बघून शिक



परवा आपल्या अभ्यासवर्गात मी उठून म्हणालो की, नोकरीवर मला कुणी काम शिकवत नाही. तर हशा पिकला. एक कार्यकर्ता म्हणाला, "फळीवर डबे मांडायला काय शिकायचं असतं रे? बाबासाहेब कोलंबियात शिकले, आमचा गडी दुकानात शिकणार!" सगळे खदखदले. लाजेनं मीपण हसलो. घरी जाताना मात्र टाळकं तापलं होतं. हे लिहितोय ते त्या हसण्याला उत्तर म्हणून.

दुकान पुण्यातलं. गार हवेचं, चकचकीत, महिन्याचं राशन भरायला मोटारी येतात तसलं. मी मालकाचा नोकर नाही, कंत्राटदाराचा. बी.ए. झालोय, पण हजेरीवर 'अकुशल'. पहिल्या दिवशी टी-शर्ट दिला, पूर्ण नाव विचारलं, आडनाव ऐकून गाव विचारलं, गाव ऐकल्यावर त्यांचं समाधान झालं. सुपरवायझरनं पाच मिनिटं दुकान फिरवलं. "बघून शिक" म्हणाला आणि गेला. बघू कुणाचं? शेजारचा पोरगा माझ्या आधी पंधरा दिवस आलेला. तोही कुणाचं तरी बघतच होता.

आता डबे मांडणं म्हणजे काय ते ऐका. कुठल्या फळीवर कुठला माल, किती रांगा, याचा नकाशा असतो. त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. डोळ्यासमोरची फळी सगळ्यात मोलाची, तिथं आपला माल दिसावा म्हणून कंपन्या पैसे मोजतात. माझ्या हातून ती चुकली की बोंब. गाडी आली की चलनाबरहुकूम खोकी मोजायची. सही केली की कमी भरलेलं खोकं तुमच्या बोडक्यावर. ट्रॉलीवर जड खाली, हलकं वर. गार कपाटात खुणेच्या रेघेवर माल चढवला तर थंड हवा अडते आणि मागचं दूध नासतं. आणि सगळ्यात मोठं कलम: ज्याची तारीख आधी संपते ते पुढं, नवं आलेलं मागं. हे सगळं मला आता येतं. एकेक गोष्ट एकेक शिवी खाऊन आली. मोजायचं यंत्र हातात दिलं होतं, त्याचा पासवर्ड मिळाला नवव्या दिवशी. आठ दिवस मी ते खेळण्यासारखं मिरवत होतो, आणि संध्याकाळी 'काम कमी भरलं' म्हणून बोलणी खात होतो.

तिसऱ्या आठवड्यात दह्याचं झालं. मी नवे डबे पुढं लावले, जुने मागं सरकले. नीटनेटकं दिसावं म्हणून लावले हो! अडतीस डब्यांची तारीख मागच्या मागं उलटून गेली. तीस रुपयाला एक. पगारातून ११४० रुपये कापले. "कॉलेज केलंस ना? एवढंही कळत नाही?" असं दहा गिऱ्हाइकांसमोर.

मी त्या रात्री कायदा काढून वाचला. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान थेट कामगाराच्याच हयगयीनं झालेलं पाहिजे, आणि कापायच्या आधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मग सांगा, ज्यानं शिकवलं नाही त्याची हयगय, की ज्याला शिकवलं नाही त्याची? न शिकवण्यात यांचा फायदाच आहे. शिकवायला माणूस नेमावा लागतो, त्याचा पगार लागतो. न शिकवलं तर चुकीची भरपाई नव्या पोराच्या खिशातून होते. आणि शिकलेला माणूस उद्या 'मी कुशल, त्या दराची मजुरी द्या' म्हणेल, ती भीती वेगळीच. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचं विधेयक आणलं, १९४८ साली कायदा झाला. त्या कायद्याला बगल द्यायची सोपी वाट म्हणजे माणसाला कागदावर जन्मभर अकुशल ठेवायचं.

बरं, दुकानात कुणालाच शिकवत नाहीत असंही नाही. माझ्याबरोबर लागलेला एक जण आहे, सुपरवायझरच्या गावकीतला. त्याला दुसऱ्याच दिवशी माल उतरवायच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसवलं. शेजारी उभं राहून, बोट धरून शिकवलं. खुर्चीही त्यालाच. (केरळनं २०१८ साली आणि तामिळनाडूनं २०२१ साली दुकानातल्या कामगाराला बसायची सोय द्यायचा कायदा केला. आम्ही दहा तास उभे.) आणि फरशी पुसणाऱ्या बायका कुठल्या वस्तीतल्या, ते तुम्हीच ओळखा. जात कुणी तोंडानं बोलत नाही. कुणाला काय शिकवायचं यावरून ती कळते.

आणि हे काही नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंग खात्यात घेत, जास्त पगाराच्या विणखात्यात घेत नसत. का? कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला बाटत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे आढेवेढे घेत संपाच्या पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी सांगितलं, की स्टेशनात आपल्या माणसाला हमालाचीसुद्धा जागा मिळत नाही, कारण मास्तर हमालाकडून घरचं काम करून घेतो आणि आपला माणूस घरात चालत नाही. त्याच परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे भाषण आपल्या वर्गात दोनदा वाचून झालंय. मग फळीवरच्या डब्यांना हसता कसं?

माझा खरा राग सुपरवायझरवर नाहीच. तोही वरच्याच्या शिव्या खातो, त्याचाही टार्गेटनं दम निघतो. माझा राग आपल्यावर आहे. आपण 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' भिंतीवर रंगवतो, आणि शिकणं म्हटलं की डोळ्यापुढं पदवी, स्पर्धा परीक्षा, पुस्तक. वस्तीतली निम्मी पोरं मॉलात, गोदामात, पार्सलच्या गाडीवर आहेत. पगाराची पावती वाचता येत नाही म्हणून लुटली जातात, चार महिन्यांत सोडतात, आणि मग आपलेच लोक म्हणतात, "पोरं टिकत नाहीत, कामाची सवय नाही." हे वाक्य मी सवर्णाच्या तोंडून ऐकलं असतं तर समजलो असतो. ते मी आपल्या विहाराच्या पायरीवर ऐकलं.

मी कंत्राटदाराला पत्र दिलंय. काम कधी, कुणी, किती तास शिकवलं ते लेखी द्या, नाहीतर ११४० रुपये परत करा. पोच घेतली आहे. उत्तर नाही. शेजारचा पोरगा सही करणार होता, त्याला दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले. त्याची आई माझ्या दारात येऊन बसली होती. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. चहा केला, दोघंही प्यायलो.

त्या पोरानं आणि मी मिळून वहीत सगळं काम लिहून काढलंय. चलन कसं तपासायचं, तारखा कशा वाचायच्या, कुठं सही करायची नाही. येत्या रविवारी संध्याकाळी विहारात नव्या पोरांना घेऊन बसतोय. सात जणी-जण येतो म्हणालेत, त्यांत फरशी पुसणाऱ्या दोघी आहेत. येताना पगाराची पावती आणा. हसला होता ते कार्यकर्तेही या, पावत्यांतला हिशेब करायला माणूस कमी पडतोय.

जयभीम.