वीज आपली, काटा त्यांचा



कापसाची गाडी जिनिंगवर गेली की आपली नजर आधी काट्यावर जाते. भाव काय फुटला ते नंतर, माप बरोबर आहे का ते आधी. ज्यांनी घरावर सौर पॅनेल बसवले, त्यांच्या दारातही आता असाच एक काटा येतो आहे. त्याचे नाव स्मार्ट मीटर. तो आपल्याला वाचता आला पाहिजे.

उदाहरण पालघर जिल्ह्याचे घेऊ. तो भाताचा, धो धो पावसाचा मुलूख. आपल्या कोरडवाहू रानाशी त्याचे साम्य नाही. पण वीज कुणाच्या जमिनीवर तयार होते आणि हिशेब कुणाच्या हाती राहतो, हे तिथे स्वच्छ दिसते. बोईसरशेजारी तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्र तर मुंबईला वीज पुरवण्यासाठीच उभे राहिले. जमीन गावाची, वीज दुसऱ्याची, असा हा व्यवहार. छपरावरच्या पॅनेलने तो पहिल्यांदा उलटवला. बोईसरचा कामगार असो की आपल्या तालुक्यातला शेतकरी, घरमालक आता वीज पिकवणारा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. म्हणजे ही गोष्ट गावोगाव येणारच.

पण पिकवणारा झाला म्हणजे मालाचा धनी झाला, असे नाही. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी आठवा. गिऱ्हाईक एकच, काटा त्याचा, प्रत त्याने ठरवायची, चुकारा त्याच्या सवडीने. छपरावरच्या विजेचेही तसेच आहे. घेणारी वीज कंपनी एकच, मीटरचा ताबा तिचा, शिल्लक युनिटचा दर आयोगाचा. अशा बाजारात ज्याला माप कळत नाही, तो पहिल्याच फेरीत नागवला जातो.

माप अवघड नाही. हा मीटर दोन आकडे ठेवतो. तारेवरून घरात आलेली वीज म्हणजे आयात आणि घरातून तारेवर गेलेली म्हणजे निर्यात. समजा पॅनेलने महिन्यात ३६० युनिट पिकवले आणि मीटरवर निर्यात २४० दिसते. मग १२० चोरीला गेले काय? नाही. ते दिवसा घरातच वापरले गेले, मीटरपर्यंत पोचलेच नाहीत. रात्री १५० युनिट आयात झाले. २४० मधून १५० वजा जाता ९० शिल्लक. ते पुढच्या बिलात जमा दिसले पाहिजेत. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

ही शिल्लक ३१ मार्चपर्यंतच चालते. खळे झाडून घ्यावे तसे त्या दिवशी खाते मोकळे होते आणि उरलेले युनिट कंपनी आयोगाच्या दराने घेते. तो दर आपण मोजतो त्यापेक्षा कमी. पालघरसारख्या ठिकाणी एप्रिल-मेची जमा पावसाळ्यात कामी येते, हिवाळ्यातली मार्चअखेर स्वस्तात जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठे पॅनेल बसवण्यात शहाणपण नाही.

खरा धोका मीटर बदलताना असतो. साधे एकेरी मीटर बऱ्याचदा बाहेर जाणारी वीजही वापर म्हणून मोजते. तेव्हा दुहेरी नोंदीचे मीटर लागल्याशिवाय पॅनेल सुरू करू नका. जुन्या मीटरचे दोन्ही आकडे लिहून घ्या, फोटो काढा, बदलाच्या कागदाची प्रत मागा. वापराशी न जुळणारे रीडिंग आल्यास कंपनीला लेखी तक्रार द्या. २०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीप्रमाणे कंपनीने पाच दिवसांत पडताळणीचे दुसरे मीटर लावून निदान तीन महिने तपासायचे आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. हे मीटर किती वीज गेली एवढेच नाही, केव्हा गेली तेही टिपते. दिवसाचे युनिट दिवसाच्याच वापरातून वळते करावे, या कल्पनेवर २०२५ च्या दरप्रस्तावाच्या वेळी राज्यात वाद झाला. आपले पीक दिवसाचे, गरज रात्रीची. असा नियम घरगुती ग्राहकावर कधी लादला गेला, तर पॅनेलचे कर्ज फिटायचे नाही. त्याला आतापासून विरोध नोंदवला पाहिजे.

काही मंडळी म्हणतात, मीटरच नको. हे मला पटत नाही. बिनमीटरच्या पंपांना हॉर्सपॉवरवर बिल लावून वीज मंडळाची गळती शेतकऱ्याच्या नावे दाखवली, हा आपल्या चळवळीचा जुना आरोप. मोजमाप नव्हते, म्हणून तर ते खपून गेले. खरे मोजमाप शेतकऱ्याच्या बाजूचे असते, फक्त ते दोघांनाही दिसले पाहिजे. स्मार्ट मीटरची रोजची नोंद ग्राहकाला मिळावी, असा नियम २०२३ सालापासून आहे. ती मराठीत आणि मोबाईल नसणाऱ्यालाही कागदावर मिळावी, ही आपली मागणी.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरी पॅनेल आहे त्यांनी शेवटची तीन बिले आणि मीटरचे आकडे लिहिलेली वही घेऊन यावे. हिशेब तिथेच लावू.