झडप कोण उघडणार?

अणुभट्टी बंद केली म्हणजे धोका टळला, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. परंतु चूल विझविली तरी राखेखाली निखारे धुमसतच असतात. विखंडन थांबल्या क्षणी भट्टीच्या पूर्ण उष्णतेपैकी सहा-सात टक्के उष्णता मागे राहते. दिवस उलटल्यावरही सुमारे अर्धा टक्का उरतो. ७०० मेगावॉटच्या अणुभट्टीत हा अर्धा टक्का म्हणजे सुमारे १० हजार किलोवॉट! ती उष्णता सतत वाहून नेली नाही तर इंधन वितळते. मग वीज गेली, पंप थांबले, तर पाणी कोण फिरविणार?

याचे एक उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटून आग भडकली, तारा जळाल्या आणि पहिल्या अणुभट्टीची वीज १७ तास गेली. धुरामुळे नियंत्रण-कक्षही सोडावा लागला. मुख्य पंप थांबले. पण तापलेले पाणी वर चढावे व निवालेले खाली उतरावे, हा निसर्गक्रम थांबला नाही. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बाष्पजनकांस पाणी पुरविले आणि अनर्थ टळला. त्या रात्री अंधारात राबलेल्या यंत्रचालकांची आठवण आज किती जणांस आहे?

काक्रापारच्या नव्या ७०० मेगावॉट अणुभट्ट्यांत वाफ उंचावरील टाक्यांच्या पाण्याने निवून आपल्याच भाराने परत यावी, अशी योजना आहे. तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि 'आपोआप' या शब्दाला भुलून चालणार नाही. फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीवरही असेच विनापंप शीतक होते. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने वीज नेली, तेव्हा त्याच्या वाटेवरील झडपा मिटलेल्या राहिल्या. त्या उघडावयास वीजच हवी होती! वरिष्ठ मात्र शीतक चालू आहे, अशा समजुतीत कित्येक तास राहिले.

मुंबईकरांस हा प्रश्न परका नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या, आणि फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या. वीज सर्वस्वी गेली असे धरून प्रत्येक अणुभट्टीच्या शीतनाची कसोटी केव्हा घेतली, झडपा हाताने उघडता येतात काय, टाकीतील पाणी किती तास पुरते, याची उत्तरे अणुऊर्जा नियामक मंडळाने दरवर्षी, सामान्य नागरिकास समजेल अशा मराठीत व अन्य देशी भाषांत छापून प्रसिद्ध करावीत, अशी आमची मागणी आहे.