परिचारिकेच्या शिक्षणाचा पुरता हिशेब

कापडबाजारातील कोणताही व्यापारी गाडीभाडे, हमाली व व्याज धरल्यावाचून मालाची किंमत ठरवीत नाही. परंतु तोच गृहस्थ कन्येस परिचारिकेच्या शिक्षणास पाठविताना केवळ पहिल्या वर्षाची फी पाहतो, हे आश्चर्य होय! बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, जी. एन. एम. चा तीन वर्षांचा. वसतिगृह, खाणावळ, गणवेश, पुस्तके व रुग्णालयात जाण्यायेण्याचा खर्च प्रतिवर्षी निराळाच. सन २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणात पूर्ण माफी दिली, ती स्तुत्यच आहे. पण ती शिक्षण व परीक्षा शुल्कापुरती आहे. खाणावळीचे बिल तीत फिटत नाही, आणि खासगी अभिमत विद्यापीठांस ती लागू नाही. मग तिसऱ्या वर्षी पैसा आटला की घरी परत येते ती मुलगीच. भावाचे शिक्षण मात्र कर्ज काढून चालते. हा अन्याय होय. यास्तव प्रत्येक संस्थेने प्रवेशापूर्वीच संपूर्ण अभ्यासक्रमाचा अंदाजी खर्च लेखी द्यावा, आणि पालकांनी शेवटच्या वर्षाची तरतूद आधी करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाइतके महाग दुसरे काही नाही.