सायलेन्सरचा धंदा : आवाजाचा की कामाचा?

वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि द्राक्ष संशोधन केंद्र या दोन संस्थांमुळे मांजरीचे नाव महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तीच मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आली. शेतांच्या कडेने सोसायट्या उभ्या राहिल्या, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मोटारी आल्या आणि मोटारींच्या मागोमाग गॅरेजेही आली. या गॅरेजांत आपले अनेक बांधव घाम गाळून पोट भरतात. त्यांच्या दारात हल्ली एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. हातात फोनवरून मागवलेला चकचकीत पाइप आणि तोंडी एकच मागणी : "चाचा, तासाभराचं काम आहे. घरी येऊन बसवून द्या. आवाज जरा दमदार पाहिजे."

हे काम करावे की नाही? प्रश्न लहान दिसतो, पण मिस्त्रीच्या भाकरीशी आणि त्याच्या नावाशी त्याचा संबंध आहे. म्हणून त्यावर स्पष्ट बोलले पाहिजे.

जुन्या फियाट आणि अँबेसेडरच्या काळात सायलेन्सर म्हणजे पत्र्याचा डबा आणि त्याला जोडलेला पाइप. तो सडला की मिस्त्री गॅस वेल्डिंगने ठिगळ मारी किंवा नाना पेठेतून दुसरा आणून बसवी. तो जमाना गेला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि पुढे तो सर्वत्र आला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू आहेत. आजच्या गाडीत इंजिनाजवळ मॅनिफोल्ड, त्यापुढे कन्व्हर्टर, त्याच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर, मग रेझोनेटर आणि शेवटी मफलर अशी साखळी असते. कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो. त्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी व नायट्रोजन यांत होते. सेन्सर ही खबर गाडीच्या संगणकाला देतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल सोडतो. या साखळीतील एक कडी कापली की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, गाडीचे पेट्रोलचे गणित बिघडू शकते आणि गिऱ्हाईक दोष मिस्त्रीलाच देते.

"पाइप मोठा केला की गाडी पळते" हा समजही तपासून पाहावा. कंपनीतून आलेल्या साध्या इंजिनाला नुसता मागचा मफलर बदलून ताकदीत सांगण्यासारखा फरक पडत नाही. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला तर धुराचा वेग मंदावतो आणि कमी गतीला गाडी उलट सुस्त वाटू शकते. वाढतो तो फक्त आवाज. त्याचा त्रास शेजारच्या आजाऱ्याला, तान्ह्या बाळाला आणि परीक्षेच्या मुलाला होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता कायद्याकडे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. आवाज व धूर यांचे मानक मोडून गाडी रस्त्यावर आणल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून लायसन्सवरही गदा येते. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले फटाका सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिलीच आहेत. पोलीस आज गाडीवाल्याला पकडतात, पण "हे कुठे बसवलेस?" हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो.

आमचे काही बांधव म्हणतात, "मी नाही बसवला तर पुढचा बसवील. दुकानाचे भाडे कोण देणार?" हा युक्तिवाद खोटा नाही. रिकाम्या बसलेल्या कारागिराला उपदेश करणे सोपे असते. पण धंद्याचाच हिशेब मांडून पाहा. आवाजाचा पाइप बसवणारे गिऱ्हाईक एकदाच येते. दंड झाला की तेच परत येते, भांडण घेऊन. विमा कंपनी न कळवलेल्या फेरफारावर बोट ठेवून दावा अडवू शकते, गाडीची वॉरंटी धोक्यात येते आणि तो राग पुन्हा मिस्त्रीवर निघतो. याउलट गळका जोड दुरुस्त करून गाडी गप्प करणारा मिस्त्री त्या सोसायटीतील दहा घरांत पोचतो.

आणि असे सरळ काम भरपूर आहे. शहरातल्या गाड्या जवळच्या जवळ फिरतात. सायलेन्सर पुरता तापत नाही, आतले पाणी वाफ होऊन बाहेर जात नाही आणि पत्रा आतून गंजतो. रबरी हँगर तुटतात, गॅस्केट जळते, क्लॅम्प सैल होतात. हे सारे गिऱ्हाइकाच्या पार्किंगमध्ये जाऊन करता येते. मूळ मापाचा, मूळ आराखड्याचा मफलर बसवावा. टिकाऊपणा हवा असेल तर त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा पाइप वापरावा. खरी सुधारणा ती हीच, आवाज व धूर न वाढवता आयुष्य वाढवणारी.

मात्र घरी जाऊन काम करताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड लावावेत आणि चाकांना अडणी द्यावी. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी तेल सोडावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्यात, पेट्रोलची टाकी व नळ्या कुठे आहेत ते पाहावे, जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करून तो धूर छातीत घेऊ नये. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, माणूस जागीच मरतो. मदतीला घेतलेला पोरगा आपल्या भरवशावर आलेला असतो, हे विसरू नये.

एक शब्द भंगारवाल्या बांधवांसाठीही. कन्व्हर्टरमधील मौल्यवान धातूंमुळे गेल्या काही वर्षांत राज्यात इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. सुटा कन्व्हर्टर विकायला आला की विकणाऱ्याचे ओळखपत्र, गाडीचा नंबर आणि गॅरेजचे बिल मागावे व वहीत नोंद करावी. कागद नसेल तर माल परत पाठवावा, भाव कितीही चांगला असो. एका डब्याच्या नफ्यासाठी वीस वर्षांच्या दुकानावर डाग घेण्यात शहाणपण नाही.

आमची सूचना साधी आहे. मांजरी-हडपसर पट्ट्यातील मिस्त्रींनी एकदा एकत्र बसून ठरवावे की कन्व्हर्टर कोणी कापणार नाही आणि आवाजाचा पाइप कोणी बसवणार नाही. तसा फलक दुकानावर लावावा. सर्वांनी मिळून ठरवले म्हणजे "पुढचा बसवील" हे कारणच उरत नाही. दुसरे, प्रत्येक कामाचे लेखी बिल द्यावे, त्यात कोणता भाग बदलला ते लिहावे आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवावा. तिसरे, घरातील एका तरी मुलाला आरगॉन वेल्डिंग आणि सेन्सर तपासणारे स्कॅनर यांचे रीतसर शिक्षण द्यावे. नुसत्या पान्यावर यापुढे भागणार नाही.

तो तरुण पुन्हा पाइप घेऊन आला तर त्याला हाकलून देऊ नका. गाडी वर घ्या, त्याला खाली बोलवा आणि त्याचा गंजलेला जोड, फाटलेला हँगर त्याच्याच डोळ्यांनी पाहू द्या. ते दुरुस्त करण्याची मजुरी मोकळ्या मनाने मागा. ती तुमच्या कामाची असेल, आणि ती घरी नेताना रस्त्यात पोलीस दिसला तरी छाती धडधडणार नाही.